दीर्घ ऊकार

डीनच्या कचेरीतून कागद आला:
प्रा. विर्वे सारेपू, रसायनशास्त्र, तार्तू.
शोधनिबंध एक्केचाळीस. उल्लेख सहाशे बारा.
एच-निर्देशांक अकरा.
खाली पेन्सिलीनं: काल्यो, तुम्ही त्यांना ओळखत होतात,
भिंतीवरच्या पाटीसाठी चार ओळी द्याल?

मी काच फुंकणारा माणूस.
अकरा म्हणजे माझ्या फळीवर उरलेले चंबू,
त्यातला एक तडकलेला.

तरी यादी वाचली. भिंग घेऊन, दोन संध्याकाळी,
एमायोगीवरचा बर्फ फुटत होता तेव्हा.
बहुतेक निबंध रशियनमध्ये; काही मॉस्कोच्या शिक्क्यासाठी
वर्ष वर्ष पडून राहिलेले.
सातव्यातली ती मागे वळलेली नळी माझी.
तळाशी आभार: के. रुबेल.
माझ्या नावातला ऊकार दीर्घ आहे,
आमच्या भाषेत तेवढ्यानं माणूस बदलतो.
तिला मी हे कधी बोललो नाही.

त्या निबंधाला उल्लेख नऊ. नऊ!
आणि नळी? पोरं येऊन मागतात, "एक सारेपू द्या",
बाई होती की गाव, त्यांना ठाऊक नाही.
चिलीहून आलेल्या मुलीनं तर परवा तिचं अनेकवचन केलं.
पाणी पिताना कुंभाराचं नाव
घेतं का कोणी?

तेविसाव्यापाशी थांबलो.
उत्प्रेरकावाचून घडणारी प्रक्रिया.
लेनिनग्राडहून तार आली होती, प्रागहून निमंत्रण,
तिनं काळ्या पावाला मध लावून सगळ्यांना वाटला.
मलाही एक तुकडा.
तो मी खाल्ला.

चांगली काच संपली होती त्या हिवाळ्यात.
मी साधी वापरली, मऊ, खिडक्यांच्या जातीची,
आणि बोललो नाही,
कारण कोणी विचारलं नाही.

चौदा महिन्यांनी ती तळघरात उतरली,
हातात दोन चंबू. एकात घडतं, एकात घडत नाही.
"काल्यो, ही काच कुठली?"
सांगितलं.
भट्टी सूं सूं करत होती. ती बराच वेळ
चंबूच्या तळाकडे बघत राहिली,
विहिरीत सुटलेल्या बादलीकडे बघावं तशी.
मग म्हणाली, म्हणजे काचेतून क्षार पाझरत होता.
मग म्हणाली, तू जेवलास का?

निबंध चोविसावा. दीड पान.
"आधीचा निष्कर्ष मी मागे घेते. भांड्याची काच तपासणं
माझं काम होतं. ते मी केलं नाही."
मी!
रसायनवाल्यांचे सगळे प्रयोग कर्मणी,
तापवलं जातं, गाळलं जातं, आढळून येतं,
हात कोणाचे ते कळतच नाही,
आणि त्यात हा एक उघडावाघडा कर्ता, थंडीत उभा.

प्रागचं निमंत्रण विरून गेलं. प्राध्यापकपद सहा वर्षं लांबलं.
सहाशे बारांपैकी तीनशे चाळीस उल्लेख
ह्या दीड पानाचे.
कुठे जपानात, कुठे ब्राझीलमध्ये
कोणीतरी हर्षभरानं पाव कापायला घेतो,
थबकतो,
चंबू उलटा करून बघतो.

शेवटी आभार, एकच ओळ:
काचेची खरी हकिकत सांगितल्याबद्दल के. रूबेल.
दीर्घ. रशियन लिपीत दोन उ शेजारीशेजारी.
छापखान्यानं एक खाऊ नये म्हणून
कच्च्या प्रतीवर तिनं खाली रेघ मारली असणार,
मारली असणारच, ती तशीच होती.

पाटीच्या चार ओळी काही जमल्या नाहीत.
कागद परत पाठवला.
एक्केचाळीसच्या पुढे फक्त लिहिलं:
ह्यातला एक मागे घेतलेला आहे, तो गाळू नये.
सही करताना हात जरा कापला.
वय झालं. काच अजून सरळ येते.